लाइनमन जागेवरच उभा होता

चुडामण बोरसेला एका जागी बसवत नसे. धुळ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तो कारकून होता. टेबलाखाली त्याचे पाय सारखे हलत, आणि शेजारच्या टेबलावरचे भामरे म्हणत, "बोरसे, जरा दम धरा, माझा चहा हिंदकळतोय." शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की तो खुंटीवरची पिशवी उचलून थेट एस.टी. स्टँड गाठायचा. पिशवीत काळा शर्ट, काळी चड्डी, दोन शिट्ट्या, दोन घड्याळं आणि नाणेफेकीचा जुना रुपया असे.

त्याचे वडील भुसावळला रेल्वेत खलाशी होते. रेल्वेच्या चाळीतली पोरं क्रिकेटपेक्षा फुटबॉल जास्त खेळत. चुडामण लेफ्ट हाफ होता, आणि बरा होता. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, "पळायला हरकत नाही, पण कुणाला धडकायचं नाही." मैदानावर न धडकता पळणारा माणूस एकच असतो. चुडामणने नियमांचं पुस्तक आणलं, पाठ केलं, आणि १९७९ साली जळगावला रेफरीची तिसऱ्या वर्गाची परीक्षा दिली. दुसऱ्या वर्गाची नाशिकला, पहिल्या वर्गाची मुंबईला. आठ वर्षांत तो खानदेशातला पहिल्या वर्गाचा एकुलता एक रेफरी झाला. वर आता एकच पायरी उरली होती, राष्ट्रीय पॅनेल. त्या पॅनेलवर नाव लागलं की कलकत्ता, गोवा, केरळ, देशातली मोठी मैदानं.

बायको मंजुळाबाई साक्रीकडची. दोन मुलींना घेऊन ती चार रविवारांतले तीन रविवार एकटीच काढायची. "तुमना पायले भिंगरी बांधेल शे," ती म्हणायची. यात राग कमी आणि सवय जास्त होती.

ज्या मॅचची ही गोष्ट आहे, ती १९८८च्या मार्चमधली. भुसावळला ताप्ती चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला गावातलाच ताप्ती क्लब. दुसऱ्या बाजूला सातपुडा संघ. चोपड्याच्या वर डोंगरपायथ्याला जी गावं आहेत, तिथल्या आश्रमशाळेत शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचा तो संघ. ते टेम्पोत उभ्याने आले होते. त्यांच्यातल्या दोघांचे बूट पुढून फाटलेले होते, पण पळायला लागले की मागच्या धुळीत कोण आहे ते दिसत नसे. त्यांचा गोलकीपर होता तेरसिंग पावरा, चोवीस वर्षांचा, उंच, हडकुळा. त्याने उपांत्य सामन्यात दोन पेनल्टी अडवल्या होत्या.

मांडवात, पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये, मुंबईहून आलेले निरीक्षक परेरा साहेब वही घेऊन बसले होते. ते खेळाडूंना बघायला आले नव्हते. राज्यातून दोन रेफरी राष्ट्रीय पॅनेलसाठी पाठवायचे होते आणि ते चुडामणला बघायला आले होते.

त्र्याऐंशी मिनिटं झाली तरी गोल नव्हता. मग ताप्तीला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गोलसमोर आठ-दहा डोकी एकदम उडाली, त्यातल्या एका डोक्यावरून तो गोलकडे वळला. तेरसिंग मागे झेपावला, दोन्ही हातांनी त्याने चेंडू छातीशी ओढला आणि कुशीवर पडला. त्याचे पाय जाळीत होते. चुडामण वीस यार्डांवर होता, आणि त्याच्या आणि चेंडूच्या मध्ये एक रुंद पाठ होती. त्याला गोलच्या आत पडलेला गोलकीपर दिसला, आणि त्याच क्षणी चार हजार माणसं ओरडली. त्याने शिट्टी वाजवली आणि मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल.

नियम सोपा आहे. अख्खा चेंडू अख्ख्या रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. गोल झाला असेल तर लाइनमन मध्यरेषेकडे पळत सुटतो. झाला नसेल तर तो जागेवर उभा राहतो. रेफरीने चूक केली असेल तर तो झेंडा वर धरतो, म्हणजे रेफरीने येऊन त्याला विचारावं. आणि आणखी एक नियम आहे. मधून खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत रेफरीला आपला निर्णय बदलता येतो. एकदा खेळ सुरू झाला की येत नाही.

त्या बाजूचा लाइनमन होता नवल तायडे, लोको शेडमधला फिटर, चुडामणचा लहानपणापासूनचा दोस्त. चुडामणने मान वळवली. नवल कॉर्नरच्या झेंड्यापाशी जागेवरच उभा होता. त्याचा हात वर होता, आणि हातात झेंडा. दोघांची नजरानजर झाली.

सातपुड्याची पोरं चुडामणभोवती जमली. तेरसिंग ओरडत नव्हता. तो चेंडू दोन्ही हातांवर घेऊन आला. "साहेब, रेषेवरच होता. हे बघा, रेषेची फक्की लागलीय." चेंडूवर खरंच पांढरा पट्टा होता.

नवलकडे जायला पंचवीस पावलं होती. चुडामणने मांडवाकडे पाहिलं. परेरा साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. आता फिरलो, तर चार हजार माणसांसमोर फिरलो. साहेब लिहितील, घाबरला. माणसाच्या मनात एवढं यायला किती वेळ लागतो! चुडामणने खिशातली वही काढली, त्र्याऐंशी मिनिटं असं लिहिलं, चेंडू तेरसिंगच्या हातातून घेतला, मध्यभागी नेऊन ठेवला आणि शिट्टी वाजवली. या सगळ्याला चाळीस सेकंद लागले असतील. ताप्ती क्लब एक-शून्यने जिंकला.

सामना संपल्यावर नवलने झेंडा गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"तू माझ्याकडे पाहिलंस," तो म्हणाला.

"गर्दीत दिसलं नाही मला."

"बरं," नवल म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. त्यानंतर त्याने चुडामणच्या सामन्याला कधी झेंडा हातात घेतला नाही.

परेरा साहेबांनी हात हातात घेऊन दाबला. "मला तेच पाहायचं होतं. ठामपणा. एवढ्या दबावाखाली तुम्ही हलला नाहीत." अहवालातही त्यांनी तसंच लिहिलं.

पुढच्या वर्षी चुडामणचं नाव पॅनेलवर लागलं. कचेरीत त्याला हार घातला. एका स्थानिक दैनिकात फोटो आला. मुंबई, कोल्हापूर, गोवा झालं. कलकत्त्याला चाळीस हजारांसमोर त्याने शिट्टी वाजवली आणि आवाजाने त्याच्या बरगड्या थरथरल्या. बाप रेल्वेच्या यार्डात झेंडी धरायचा, आणि पोरगा विमानाने गोव्याला निघाला, असं भुसावळच्या चाळीत लोक सांगत.

पण चुडामणला स्वस्थता नव्हती. आधीही त्याचे पाय हलत असत, ते उत्साहाने. आता ते वेगळंच काहीतरी होतं. तो ताटावरून अर्धवट उठायचा. आग्रा रोडने पारोळ्याच्या फाट्यापर्यंत चालत जायचा आणि उगीच परत यायचा. मिळेल ती नेमणूक घ्यायचा, शाळांच्या स्पर्धा, पोलिसांच्या स्पर्धा, पिंपळनेरला गावच्या यात्रेतला सामना, काहीही. मैदानावर पळत असला की बरं वाटे. मैदानावर उभं राहावं लागलं की वाईट.

आणि एक खोड लागली. शिट्टी वाजवली की त्याची मान आपोआप लाइनमनकडे वळायची. थ्रो-इनसाठी, साध्या फाउलसाठीही. गोव्याच्या एका सामन्यात पहिल्या अर्ध्यातच तो तीन वेळा पळत लाइनमनपर्यंत गेला. तिसऱ्या वेळी तो गोवेकर लाइनमन वैतागून म्हणाला, "अहो, तुमच्या डोळ्यांसमोर झालंय ते. मला काय विचारता?" त्या सामन्याच्या अहवालात 'निर्णयांत चलबिचल' असा शेरा आला. तो शेरा वाचून चुडामण आणखीच अस्वस्थ झाला. चुकीच्या ठिकाणी ठाम राहिल्याबद्दल शाबासकी, आणि खात्री करून घेतल्याबद्दल ठपका. हे कुणाशी बोलायची सोय नव्हती. मंजुळाबाईलाही त्याने काही सांगितलं नव्हतं.

१९९१च्या नोव्हेंबरमध्ये त्याला पत्र आलं. फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धा होती आणि बाद फेरीच्या सामन्यांसाठी त्याची निवड झाली होती. कदाचित अंतिम सामनाही. त्याच आठवड्यात चोपड्याला आंतरशालेय सामने होते आणि तो नेहमीसारखा गेला. मधल्या सुट्टीत आश्रमशाळेचे एक मास्तर त्याच्या शेजारी चहा पीत बसले. चुडामणने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचा तो गोलकीपर, तेरसिंग. काय करतो?"

"खेळणं सोडलं त्यानं. तुमच्या त्या भुसावळच्या मॅचनंतरच."

"हरले म्हणून?"

"हरले म्हणून कोण सोडतं साहेब?" मास्तर म्हणाले. "बक्षीस समारंभात ताप्ती क्लबच्या अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आमच्याकडे ये, माझ्या तेलाच्या गिरणीत नोकरी देतो, आमच्याकडून खेळ. चांगल्या मनानं म्हणाले असतील. पण आमच्या पोरांनी ते ऐकलं. परत येताना टेम्पोतच सुरू झालं, की नोकरीसाठी यानं चेंडू मुद्दाम आत घेतला. कप्तान होता पुना, त्यानं तर तोंडावर सांगितलं."

"पण तो तर सांगत होता, रेषेवर होता म्हणून."

"सांगत होता ना! पण पोरं म्हणाली, रेफरी काय वेडा आहे, गोल नसताना गोल द्यायला? मुंबईहून साहेब त्याला बघायला आलेले. पुढं तुमचं नाव झालं, पेपरात फोटो आला. मग तर सगळ्यांची खात्रीच झाली." मास्तरांनी कप खाली ठेवला. "तेरसिंगनं ती नोकरीही घेतली नाही. घेतली असती तर खरंच विकला गेला असं झालं असतं. नाही घेतली, तर म्हणाले, उघडं पडायला घाबरला."

दुसऱ्या अर्ध्यात चुडामणने शिट्टी कशी वाजवली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी तो भुसावळला नवलच्या घरी गेला. नवल ओट्यावर सायकलची साखळी रॉकेलमध्ये धूत होता. चुडामणने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नवलने मान वर केली नाही.

"मला वाटलं होतं, दुसऱ्याच दिवशी येशील," तो म्हणाला. "पावणेचार वर्षं लावलीस."

"माझ्याबरोबर चल त्या गावाला. तू सांगितलंस तर लोकांना पटेल."

"झेंडा मी वर केला होता. शिट्टी तुझ्याकडे होती." नवलने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "मीपण कुठं बोललो? तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून गप्प बसलो. पण हे तुझं तूच जाऊन सांग. मी आलो तर तू माझ्या पाठीमागे उभा राहशील."

चोपड्याहून जीपने फाट्यापर्यंत आणि पुढे तासभर पायी. जामुनपाणी हे गाव म्हणजे एकेका शेतात एकेक घर, असं टेकाडभर पसरलेलं. ज्वारी कापून झाली होती. तेरसिंगच्या अंगणात त्याची आई चमेलीबाई मिरच्या वाळत घालत होती आणि त्याची बायको रेशमा कणसं खुडत होती. तेरसिंग कुंपणाला काट्या लावत होता. त्याने चुडामणला लांबूनच चालीवरून ओळखलं. खाट टाकली, पाणी दिलं, आणि समोर उकिडवा बसला.

चुडामणने वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. "तो गोल नव्हता," तो म्हणाला. "लाइनमननं झेंडा दाखवला होता. मी पाहिला होता. तरी मी फिरलो नाही."

तेरसिंगने पाण्याचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. चमेलीबाईने मिरच्या पसरायचं थांबवलं.

"हे सांगायला तुम्ही एवढ्या लांब आलात?"

"हो."

"मला?" तेरसिंगचा आवाज चढला नाही, पण मान ताठ झाली. "साहेब, चेंडू माझ्या छातीशी होता. तो कुठं होता ते मला ठाऊक नव्हतं का? मला सांगून काय उपयोग?"

चुडामण खाटेवरून उठला. बसवतच नव्हतं.

"ह्या माझ्या आईनंसुद्धा एकदा विचारलं," तेरसिंग म्हणाला. "खरं सांग, म्हणाली, रागावणार नाही. त्या दिवशी मी बूट नदीत टाकून दिले. तुम्हाला सांगायचंच असेल तर त्यांना सांगा. आज खाली बाजार आहे. पुना तिथंच असतो, सायकलचं दुकान आहे त्याचं. बठ्ठे जुने गडी तिथंच असतात."

"आज?"

"मग कधी?"

राष्ट्रीय स्पर्धेचं पत्र चुडामणच्या शर्टाच्या खिशात होतं. त्याने ते मुद्दाम आणलं नव्हतं, तो ते सगळीकडे घेऊन फिरायचा. उतारावरून खाली येताना त्याला तो कागद छातीशी लागत होता. इथल्या इथं, खाटेवर बसून सांगणं वेगळं. बाजारात सांगितलेलं बाजारात राहत नाही, हे त्याला कळत होतं. वाटेत एकदा तो थांबला. तेरसिंग पुढे चालत राहिला, मागे वळून न बघता. चुडामण पुन्हा चालायला लागला.

पुनाचं दुकान म्हणजे लिंबाखाली एक पत्रा आणि टांगलेली टायरं. पुना चाकाच्या तारा आवळत होता. चुडामणला पाहून तो गडबडीने उभा राहिला. "अरे, बोरसे साहेब! कलकत्त्याच्या मॅचचं वाचलं होतं आम्ही." मग त्याला मागे उभा असलेला तेरसिंग दिसला आणि तो थांबला.

चुडामणने सांगितलं. सुरुवातीला हळू, मग माणसं जमली तशी मोठ्याने, कारण मागचे "काय म्हणतात, काय म्हणतात" करत होते. जुन्या संघातले चौघे-पाचजण बाजारात होते, तेही आले.

"म्हणजे झेंडा तुम्ही पाहिला होता?" पुनाने विचारलं.

"हो."

"आणि फक्की? याने चेंडू दाखवला होता, तेव्हा?"

"ती पण पाहिली."

"तरी गोल दिला?"

"दिला होता. मागे घेतला नाही."

"कशासाठी?"

चुडामणला वाटलं, काहीतरी मोठं कारण असायला हवं होतं. "मला वर जायचं होतं," तो म्हणाला. "मांडवात साहेब बसले होते."

कुणीतरी हसलं. मागून एकजण म्हणाला, "आता याला कोणी पाठवलं इथं?" दुसरा म्हणाला, "चार वर्षांनी आठवण आली." एका म्हाताऱ्याने काठीने जमीन टोकली आणि चालता झाला. पुना खाली बसला, त्याने चाक हातात घेतलं आणि उगीच फिरवलं. तेरसिंगकडे त्याने पाहिलं नाही. तेरसिंगही त्याच्याकडे न बघता चक्की होती तिकडे निघून गेला. त्याने चुडामणला निरोपही दिला नाही. चुडामणला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. परतीच्या जीपमध्ये त्याला फक्त घाम येत होता.

गर्दीत जळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता. आठवड्याने बातमी आली, 'तो गोल नव्हता, पंचांची भर बाजारात कबुली.' तिथून ती मुंबईच्या पेपरात गेली. ताप्ती क्लबवाले चिडले. फुटबॉल संघटनेचं पत्र आलं, पंधरा दिवसांत खुलासा करा. त्याच्या मागोमाग कचेरीच्या फोनवर सचिवांचा फोन आला.

"बोरसे, लिहून द्या की वार्ताहराला नीट समजलं नाही. तुम्ही म्हणालात, चूक झाली असू शकते. एवढंच. चूक कुणाचीही होते. विषय संपेल, फेब्रुवारीत तुम्ही मैदानावर असाल."

त्या संध्याकाळी चुडामणने मंजुळाबाईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा तिने ती उतरवली आणि चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"म्हणीसन तुमी जेवता जेवता उठी जायेत," ती म्हणाली. "माले वाटे, मन्हा हातनं आवडत नही."

"तसं नाही गं."

"त्यानी मायले काय वाटनं व्हई चार वरीस? पोटना पोऱ्यावर शक लेनं पडना तिले."

"खरं लिहिलं तर पॅनेलवरून काढतील. मी बेचाळीस वर्षांचा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी तसंही संपतं. परत नाव लागणार नाही."

मंजुळाबाईने पुढची भाकरी थापायला घेतली. "मंग इचारतस कसाले? बजारमा सांगी उनात. आते कागदवर खोटं लिखशात का?"

चुडामणने खुलासा लिहिला. कारकुनाची सवय, एक पानसुद्धा पुरं झालं नाही. लाइनमनने खूण केली होती, ती मी पाहिली होती, नियमाप्रमाणे निर्णय बदलायला वेळ होता, तो मी बदलला नाही. वार्ताहराने लिहिलेलं बरोबर आहे. खाली सही. दोन वर्षांसाठी त्याला पॅनेलवरून काढलं, आणि तो म्हणाला होता तसंच झालं, ते नाव पुन्हा लागलं नाही. फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना त्याने कचेरीतल्या भामऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकला. ऐकताना तो तीनदा उठून बाहेर गेला. पश्चात्ताप झाला का, असं कुणी विचारलं असतं तर त्या दिवशी तो हो म्हणाला असता.

जिल्ह्यातले सामने त्याला मिळत राहिले. काही क्लब त्याला बोलवायचे नाहीत, काही मुद्दाम बोलवायचे. जामनेरला एकदा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आज कबुली द्यायची की चार वर्षांनी?" सगळं मैदान हसलं. चुडामणही हसला, पण तो दिवस त्याला जड गेला.

तेरसिंगचं काय झालं ते त्याला मास्तरांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. बाजारानंतर महिनाभर कुणीच काही बोललं नाही. मग पुना एका सकाळी त्याच्या घरी गेला आणि दोघे कुंपणाच्या काट्या लावत दिवसभर बसले. काय बोलले ते कुणाला माहीत नाही. गावात दोन-चारजण अजून म्हणायचे की रेफरीलाच कुणीतरी पढवलं. तेरसिंग खेळायला परत आला नाही. गोलकीपरची चार वर्षं गेली की हात तसे राहत नाहीत. गिरणीतली नोकरी तर कधीच दुसऱ्याला गेली होती.

१९९५च्या जानेवारीत चुडामणला कचेरीच्या पत्त्यावर आंतरदेशीय पत्र आलं. जामुनपाणीत टेकाडाखालची पडीक जमीन साफ करून मैदान केलं होतं, आठ संघांची स्पर्धा ठेवली होती, पंच म्हणून यावं. खाली सही, तेरसिंग पावरा, व्यवस्थापक.

मैदान एका अंगाला उतरतं होतं. फक्की मिळाली नाही म्हणून रेषा चुलीच्या राखेने मारल्या होत्या. अंतिम सामन्यात जामुनपाणीचा संघ होता आणि समोर अडावदचा. सगळं गाव बांधावर बसलं होतं. पाच मिनिटं राहिली असताना अडावदच्या खेळाडूने गोलकडे फटका मारला, आणि जामुनपाणीच्या बचावपटूने हात वर करून उडी घेतली. चेंडू त्याच्या हाताला लागून बाहेर गेला. चुडामण सहा यार्डांवर होता. त्याने मान कुठेही न वळवता शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या जागेकडे बोट केलं.

बांधावरून एकच आरोळी उठली. तेरसिंग राखेची रेषा ओलांडून धावत आला. "साहेब, हात चेंडूला लागला नाही, चेंडू हाताला लागला! तो तोंड वाचवत होता!"

"हात डोक्याच्या वर होता. रेषेबाहेर व्हा."

"डोळे तपासून घ्या!"

"तेरसिंग, बाहेर. नाहीतर सामना थांबवतो."

तेरसिंगने हातातली टोपी जमिनीवर आपटली, पुन्हा उचलली आणि बडबडत बाहेर गेला. पेनल्टी झाली. जामुनपाणी एक-शून्यने हरलं.

जेवणाची व्यवस्था तेरसिंगच्याच अंगणात होती. चमेलीबाईने भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. तेरसिंग समोर बसला आणि अर्धी भाकरी त्याने खालमानेनेच संपवली. मग म्हणाला, "ती पेनल्टी नव्हती."

"होती."

"तुम्ही उताराच्या बाजूला होता. तिथून हात उंच दिसतो."

"मी सहा यार्डांवर होतो. खांदा फिरवून हात वर नेला त्यानं. आणि चेंडू तोंडाकडे येतच नव्हता."

"तोंडाकडेच होता! रेशमा, तू पाहिलंस ना?"

"मी भाकरी करत होते," रेशमा आतून म्हणाली.

स्पर्धेसाठी ठरवलेली जीप कच्च्या वाटेने टेकाडाखालपर्यंत आली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. चुडामणने उठायला हात टेकला, पण उठला नाही.

"पुढच्या वर्षी दुसरा रेफरी आणतो," तेरसिंग म्हणाला.

"आणा," चुडामण म्हणाला. त्याने ताटातली कांद्याची फोड उचलून मधोमध ठेवली, शेजारी मिरची ठेवली, आणि बचावपटू नेमका कुठे उभा होता ते तेरसिंगला पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लागला.